बारदान

मानेमागची गाठ.
"पोत्यानं आलीया," म्हणाले सगळे.
सांगलीच्या मार्केट यार्डात बावीस वर्षं
हळदीची पोती त्याच जागी पेलणारा
मायाप्पा व्हनमाने, जत तालुक्याकडचा,
त्याला तरी वेगळं काय वाटणार?

एकदा कुणीतरी काढलीही होती,
चरबीची म्हणून, जागच्या जागी भूल देऊन, पाच टाके.
निघालेला तुकडा बादलीत गेला.
तपासायला कुणी पाठवला नाही.
दोन वर्षांनी ती परत उगवली
जेठ्या गड्ड्यासारखी,
शेजारी दोन बगलगड्डे घेऊन.

मग मिरज. माझ्या टेबलावर फॉर्मॅलिनची बाटली,
लेबलवर तांबोळी सरांचं गिचमिड अक्षर:
मान, मागची बाजू, पुन्हा.
"पुन्हा" वाचलं आणि मी चहा लांब सरकवला.

भिंगाखाली
लांबट पेशी, चात्यांसारख्या,
एकमेकींत घुसलेल्या, गरगरत,
चरबीच्या फटीफटीतून खाली खाली गेलेल्या.
पुस्तकं याला चटईची वीण म्हणतात.
मला गोणपाट दिसलं.
खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, पोत्यानंच.
मग स्वतःचाच राग आला.

ब्लॉक पुण्याला धाडला, खास रंग लावायला.
नऊ दिवस.
पेशी तपकिरी झाल्या, झाडून सगळ्या.
नाव मिळालं
ते फॉर्मच्या रकान्यात मावेना.
दहा लाखांत चार-पाच जणांना, वर्षाकाठी.

सरांनी गाठीभोवतीची
दोन बोटं चांगली कातडीही घेतली.
"एवढी?" सिस्टर म्हणाली.
"मुळ्या दिसत नाहीत ना, म्हणून."
मांडीची कातडी मानेवर चढली.
मी तुकड्याच्या कडांना शाई लावली,
काळी, निळी, हिरवी,
आणि दोन संध्याकाळी शाईच्या काठाकाठानं चालले.
कडा मोकळ्या.

काल आला, सहा महिन्यांनी.
ओझं बंद. काट्याशेजारी बसून वजनं लिहितो.
नखांतलं पिवळं अजून आहेच.
"पोत्यानंच झालं हुतं न्हवं?"
नाही म्हटलं.
"मग कशानं?"
पेशीच्या आतले दोन धागे तुटतात,
चुकीच्या जागी सांधतात, सांगू लागले.
तो मान हलवायला गेला,
नवी कातडी ताणली, थांबला.
"बघू द्या की."

बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.
"बारदान हाय की हे," म्हणाला.
"आमच्याकडं वजनातनं वजा करत्यात."

मी पुढची तारीख लिहून दिली.
डिसेंबर. मग जून. मग परत डिसेंबर.