अस्तर

पांगानी नदीच्या मुखाशी
शिडं शिवणारे म्झे म्विंजुमा
नऊ वर्षं उभ्यानं शिवत होते.
घरात स्टूल होतं. बसता येत नव्हतं.

कांझूच्या आत, मांड्यांच्या मध्ये
एका नारळाएवढं, मग दोन,
मग मोजणं सोडून दिलेलं ओझं.
किनाऱ्यावर त्याला बुशा म्हणतात
आणि म्हणताना आवाज खाली घेतात.
कुणी सांगितलं, शहाळ्याचं पाणी उतरतं तिथे,
म्हणून त्यांनी शहाळं सोडलं.
डासाबद्दल कुणी सांगितलं नाही.
शुक्रवारी ते मागच्या रांगेत,
मग दाराशी,
मग घरीच.

टेबलावर मला पाहून
त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.
मी त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची.
कमरेखाली सगळं बधिर,
कमरेवर सगळी लाज जागी.
डॉक्टर सेम्बोजांनी काही न बोलता
चाकू माझ्या हातात दिला.

कातडी.
तिच्याखाली तो थंडीत आक्रसणारा पदर.
मग आणखी एक, कांद्याच्या सालीसारखा,
मग तांबूस धाग्यांचा, मग पुन्हा एक.
"किती थर आहेत?"
भिंतीकडून प्रश्न आला.

मी सांगू लागले:
आईच्या पोटात हे दोघे
वर असतात, मूत्रपिंडांच्या शेजारी.
मग खाली निघतात
आणि पोटाच्या ज्या ज्या भिंतीतून जातात
तिचा एकेक पदर अंगावर ओढून घेतात;
परगावी निघालेल्याला
वाटेवरच्या प्रत्येक घरानं
एकेक चादर द्यावी तसं.
सगळ्यात आत एक पांढरं वेष्टण, चिवट,
ताणू म्हटलं तरी न ताणणारं.
त्याला आम्ही हात लावत नाही.

"आणि पाणी?"

त्या पांढऱ्याच्या बाहेर, दुहेरी अस्तरात.
दोन घड्यांमध्ये नुसती ओल हवी,
घासू नये एवढीच.
डॉक्टरांनी बादली सरकवली.
वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी,
दीड लिटर, वर थोडं.
कुणीच बोललं नाही.
बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज
त्यांनाही ऐकू येत होता.

"आता ते अस्तर फेकणार?"

जास्तीचं कापायचं. उरलेलं उलटं करायचं,
आतली बाजू बाहेर,
आणि मागच्या अंगाला शिवून टाकायचं.
मग पाण्याला साठायला खोळच नाही.

बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले,
"माझ्या बापानं एकदा शीड उलटं शिवलं होतं.
गिऱ्हाइकानं तसंच नेलं.
टाके किती अंतरावर घालतेस?"

अर्ध्या बोटावर.

"लांब आहेत."

डॉक्टरांचा मास्क हलला.
मी प्रत्येक दोन टाक्यांत एक वाढवला,
गरज नव्हती तरी.
शेवटची गाठ मारून वर पाहिलं
तर त्यांचं तोंड माझ्याकडे होतं.

सहा आठवड्यांनी ओपीडीच्या व्हरांड्यात
ते बाकावर होते.
बसलेले.
पाठ टेकून, पाय पसरून,
मांडीवर वरून छाटलेलं शहाळं,
अर्धं संपलेलं.
मी विचारलं, दुखतं का?
त्यांनी मान हलवली,
इकडेतिकडे पाहिलं, हळूच म्हणाले,
"लेकी, तुझी ती वाकडी सुई.
कुठे मिळते?"