टेबल क्रमांक चौदा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये
फरशी तीनदा धुऊन
भरवलाय धाग्यांचा मेळा.
वास गेलेला नाही.
बाहेरगावच्या बायका आधी नाकाला रुमाल लावतात,
मग एखादं सूत हातात घेतात
आणि रुमाल विसरतात.

माझं टेबल चौदावं.
पाटीवर: लोकरीचे विणकाम, कुमुद परुळेकर.
चाळीस वर्षं विणतेय मी
जिथे डिसेंबरातही पंखा बंद होत नाही अशा गावात.
स्वेटर जातात नाशिकला, पुण्याला,
भाचरांना, भाचरांच्या पोरांना.
उरलेली लोकर कपाटात, डांबरगोळ्यांच्या सोबतीला,
आषाढात दमट होऊन
मांजरासारखी फुगून बसते.
"कोणासाठी हो?" असं विचारतात येणारे-जाणारे,
आणि हसतात. मीही हसते.
चाळीस वर्षांत या प्रश्नाला
हसण्याइतकं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

समोर द्वारका काथ्या वळते.
खाडीत कुजवलेली सोडणं, बडवून बडवून मऊ,
तळव्यांमधून दोरी अशी निघते
जणू तिथेच आत कुठे गुंडाळून ठेवलेली.
चष्मेवाला एकजण तिला म्हण ऐकवतो,
सुंभ जळला तरी पीळ...
"जाळतास कित्याक?" ती मान वर न करता,
"चाळीस रुपये देवा नि घेवन जावा."

आणि शेजारी, पंधराव्या टेबलाशी, पाटी नसलेला
बुधाजी गिरप.
त्याला बोलावलंय जाळं विणून दाखवायला.
बांबूची सुई, तिच्या पोटात दोरा,
पट्टीवर एक आस, गाठ, पुन्हा आस, गाठ.
दोन तास त्याने कुणाकडे पाहिलं नाही.
मग वीज गेली, भरतकामाचं यंत्र फुलाच्या मध्यावर थांबलं,
सगळे तिकडे धावले,
आणि हा उठून माझ्याकडे आला.

विणलेलं उलटंपालटं केलं. उजेडाकडे धरलं.
"ह्येका गाठ खंय?"
नाही, म्हटलं. गाठ नसते.
एका फासातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा.
"आणि ओढलंय तर?"
सुटेल.
"सगळा?"
सगळं.
त्याचा विश्वास बसेना. सुईवरून टाके उतरवून मीच दिलं टोक हातात.
त्याने ओढलं,
आणि सकाळपासूनच्या अकरा ओळी
सर्रकन त्याच्या काळ्या बोटांवर आल्या,
कुरळ्या, निळ्या, अजून उबदार.
पोरं खिदळली.
तो मात्र असा उभा
जणू दुसऱ्याची होडी त्याच्या हातून सुटली होती.

मी म्हटलं, असू दे, पुन्हा होईल. लोकर कुठे जात नाही.
सुट्या टाक्यांत सुई घातली, विणायला बसले.
सुलट, सुलट, उलट.
बराच वेळ तो बघत राहिला.
मग आवाज खाली करून,
"बाय, टोपी होतली ह्येची? कान झाकणारी?"
टोपी? इथे? थंडी कुठाय इथे?
"गावात नाय. दर्यात असा.
पाटचे चार वाजता दीपगृहाच्या भायर येवन बघ.
कानात वारो शिरता तो दुपारपर्यंत भायर येना नाय."

चाळीस वर्षं मी थंडी शोधत होते घाटावर.
ती होती माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या दिव्यापलीकडे.

माप घ्यायला फीत नव्हती.
त्याने जाळ्याचा दोरा तोडला, कपाळाभोवती फिरवला,
जिथे टोकं भेटली तिथे एक गाठ मारली,
कानाच्या पाळीपर्यंत दुसरी,
आणि माझ्या हातात देताना म्हणाला,
"शेवटाक ही घाल. माजी.
मगे कोणाच्यान ओढूक नको."

मेळा संपला. तिसऱ्या दिवशी पहाटेच फरशीवर
पुन्हा बांगडे, पुन्हा ओरडा, पुन्हा बर्फ.
दोन गाठींचा तो दोरा
माझ्या सुयांच्या डब्यात आहे, त्याला तारल्यांचा वास येतो.
ती गाठ मला अजून नीट जमत नाही.

काल चारला जाग आली.
उठून पंखा बंद केला.
कानपट्ट्या राहिल्यात.