षष्ठीचा प्रत्यय

नार्वा नदीच्या या काठावर एक किल्ला, त्या काठावर दुसरा,
एकमेकांकडे बघत बसलेले
वाटणीनंतर न बोलणाऱ्या भावांसारखे.
शाळा या काठाची. नववीचा वर्ग.
खिडकीतून दोन्ही दिसतात,
परीक्षेला एकच येतो.

राइसा येफीमोव्हना फळ्यावर साल लिहितात: १९४४.
पुढच्या शब्दाआधी खडू जरा थांबतो.
नोकरीच्या पहिल्या वर्षी इथं 'मुक्ती' लिहायचं होतं.
त्यांनी लिहिलं, ठळक, खाली रेघ मारून.
आता 'कब्जा' लिहायचं. तेही लिहितात.
अक्षर तेच, किंचित उजवीकडे कललेलं.

शिकवतात एस्टोनियनमध्ये, चाळिशीनंतर कमावलेल्या भाषेत.
चौदा विभक्त्या आहेत तिला.
आठांतच दमलेल्या माझ्यासारखीनं
नुसतं ऐकून घ्यावं.
एखादी चुकली की माझ्या बाकावरची मेरिके
हळूच दुरुस्त करते,
आणि राइसाबाई आभार मानतात,
त्यातही एक चूक ठेवून.

शेजारच्या वर्गात हेल्यू तोच धडा घेते आहे.
तिच्या आजीला एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
सैबेरियाच्या गाडीत चढवलं, कडेवर सहा महिन्यांचं बाळ.
ते पान हेल्यू भरभर वाचते,
तारखा, आकडे, मुलांकडे न बघता.
बाळाचं काय झालं ते पुस्तकात नाही,
म्हणून कोणी विचारत नाही.

भिंत पातळ आहे. इकडे ऐकू येतं.

आणि तिमोफेय, ज्याला कधीच काही विचारायचं नसतं,
हात वर न करताच विचारतो,
'तुमच्या घरचे तेव्हा कुठं होते?'

राइसाबाई पर्समधून रुमाल काढतात, रुमालातून चमचा.
चांदीचा, काळवंडलेला, दांड्यावर कोरलेलं एच. टी.
आजोबा सत्तेचाळीसला आले, सूतगिरणीत कामाला.
गाव म्हणजे विटांचे ढीग.
ढीग उपसताना हा सापडला.
'चाळीस वर्षं आम्ही यानं चहा ढवळला.'

इथं माझी वही अडते.
त्या जो शब्द म्हणाल्या
त्यात आम्हीही येतं आणि आपणही,
मराठीत मात्र मला निवडावं लागतं.
'आम्ही' लिहिलं तर मेरिके बाहेर,
हेल्यू तर भिंतीपलीकडेच.
'आपण' लिहावं, तर ते
एच. टी.च्याच चमच्यानं
एच. टी.ला पाहुणचार केल्यासारखं.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
वर दिसतं ते तूर्तास.

चमचा बाकांवरून फिरतो.
कोणी हुंगतं, कोणी सूप प्यायचं सोंग करतं, खसखस पिकते.
मेरिके अक्षरांवरून नख फिरवते.
'कोणाचा?'

चा, ची, चे.
लहानपणी घोकताना
सगळ्यांत सोपी वाटलेली विभक्ती.

'माहीत नाही,' राइसाबाई म्हणतात.
या वाक्यात दुरुस्त करायला
मेरिकेला काहीच सापडत नाही.

घंटा होते. चमचा रुमालात, रुमाल पर्समध्ये.
पुढचा तास हेल्यूचा, याच खोलीत.
दारात दोघी समोरासमोर येतात,
एकमेकींना वाट द्यायला दोघीही बाजूला होतात,
आणि बराच वेळ
दार मोकळंच राहतं.