जबानी

ठाण्यात, कोर्टनाक्याजवळच्या सभागृहात
ठमी हिलम माईक उलटा धरते.
कुणीतरी सुलटा करून देतं.
"पाच मिनिटं हां, ताई."

ती उचलीपासून सुरू करत नाही,
मारहाणीपासूनही नाही.
म्हणते, कुत्रा व्हता आमचा, काळा.
शेठनं टेम्पोत घेऊ दिला नाय.
पार नदीच्या पुलापर्यंत धावला मागं.

मी वही उघडून बसलेली:
तारीख, रक्कम, भट्टीमालकाचं नाव.
रकाने तसेच.

मागच्या रांगेतून
मुरबाडकडची एक बाई उठते,
यादीत नाव नसलेली.
"आमची कोंबडी खुडूक बसलेली," म्हणते,
"अंड्यांवरच ठेवून आलो."
तिच्या शेजारचा म्हातारा
नुसताच उभा राहतो
आणि बसतो.

पंख्याचा आवाज.
साहेब घड्याळाकडे बघतात,
मग कुणी बघत नाहीसं पाहून
घड्याळ बाहीत सरकवतात.

ठमीनं माईक सोडलेला नाही.
थेट माझ्याकडे वळून म्हणते,
"हजार विटांना किती देत व्हता,
किती वर्सं, कुणी हात मोडला,
समदं सांगते, बाय.
पण आधी
कुत्रा लिव."