चौदा किलो

रजाक नदाफनं खडूनं फरशीवर काढला
अख्खा पिंजरा:
इंजिनभोवती नळी, टाकीभोवती नळी,
मागच्या बॅगांना कडं, दिव्यापुढं जाळी.
बोटांवर हिशेब करत म्हणाला,
सगळं मिळून चौदा किलो.
कशीही पडू दे ताई, ओरखडा उठणार नाही.

बाहेर अक्कलकोट रोडवर एप्रिल.
वेल्डिंगच्या ठिणग्या
उन्हापुढं फिक्या दिसत होत्या.

मी म्हणाले, गाडी एकशे ब्याऐंशी.
त्यावर पाणी, पंप, पाने,
कडक भाकऱ्या, शेंगाचटणी.
मी त्रेपन्न.
नान्नजच्या माळावर ही आडवी झाली
तर उचलायला तू येणारेस?
माळढोकसुद्धा दिसत नाही आता तिथं.

तो पोराला म्हणाला, पूस की बे.

एकेक नळी पुसताना मी एकच विचारत होते:
हे मोडलं तर घरी येता येतं का?
टाकीला पोचा: येता येतं.
इंडिकेटर: हात आहे.
आरसा: मान आहे.
इंजिनाचं पोट फुटलं: नाही.
क्लचची दांडी मोडली: नाही,
म्हणजे येईल कुणी, मला नाही येणार.

राहिलं एवढंच.
पोटाखाली चार एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा,
मुठींपुढं दोन ढाली,
आणि क्लचचा क्लॅम्प अर्धा पीळ सैल.
रजाकला ते पटेना. सैल?
सैलच. पडताना फिरू दे त्याला.
ताठ राहिला की मोडतो.

आमच्या मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
एक पत्ती लोंबते.
धागा तुटला की पत्ती पडते, माग थांबतो.
तुटलेला धागा ती वाचवत नाही.
पुढचा टॉवेल वाचवते.
लहानपणी मला वाटायचं, एवढीशी पत्ती,
हिला कुणी पगार देत असेल का.

पण नायनानं पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती,
तेल घालताना दर वेळी कोण सोडवणार म्हणून.
डाव्या हाताचं चौथं बोट
दोन पेरं गेलं.
त्या अर्ध्या बोटानं तो पुढं वीस वर्षं
गाठी मारत राहिला, आणि चांगल्या मारायचा.
म्हणून "कमीत कमी" म्हणताना
माझी जीभ जरा अडखळते.
शहाणपण कुठलं आणि कंटाळा कुठला,
दोन्ही एकाच भावात मिळतात.

वाचलेल्या पैशांचे बूट घेतले.
नडगीपर्यंत येणारे, काळे, बेढब.
अम्मा म्हणाली, लग्नात घालू नकोस.

तिसऱ्या रविवारी पडले.
थरार वगैरे काही नाही.
मेंढरं आडवी आली, मी कडेला घेतली,
कडेची काळी माती वरून वाळलेली, आतून लोणी.
चालण्याच्या वेगानं
गाडी डावीकडं निजली,
थकलेल्या म्हशीसारखी, शांतपणे.

मेंढक्याचं पोर काठीवर हनुवटी टेकून बघत होतं.
चावी बंद केली.
पाठ सीटला लावली, टाचा मातीत रोवल्या,
आणि मागं मागं चालले, एक पाऊल,
दीड पाऊल,
मधेच वाटलं, चौदा किलो असते तर इथंच,
बरोबर इथंच सुटली असती हातातून.
मग ती उभी राहिली. टाचेनं स्टँड पाडला.
पोर म्हणालं, परत पाडता का?

टाकीला लिंबाएवढा पोचा.
क्लचची दांडी आभाळाकडं वळलेली, धड.
डावा इंडिकेटर वायरवर लोंबत होता,
मागावरच्या त्या पत्तीसारखा.

जुन्या पुणे नाक्याला डावीकडं वळायचं होतं.
हात बाहेर काढला.
मागून ट्रक आला, दबला, थांबला.
हातमोज्यातली बोटं उघडी पसरलेली, उन्हात.
मी मोजली.