चढ

छातीवर दहा चकत्या.
त्यांच्यासाठी जागोजागी केस भादरलेत,
वाफे पाडावेत तसे.
शेफील्डच्या या खोलीला खिडकी नाही.
पट्टा सरकतो, मी चालतो,
समोरची भिंत आहे तिथेच.

नाडी एकशे तेहतीसपर्यंत न्यायची आहे.
दर तीन मिनिटांनी चढ वाढतो.
"छातीत काही होतंय?" मॉरीन विचारते.
कळ नाही, चमक नाही.
भरून आल्यासारखं काहीतरी,
पण ते हिला कोणत्या शब्दात सांगू?
"नो," म्हणतो.
थोरल्यानं त्याला पित्त म्हटलं होतं,
कराडच्या स्टँडवर,
हातात सोड्याची बाटली.

कागदावर माझी ओळ निघते आहे.
एका जागी मॉरीन पेन टेकवते,
आणि उचलते.

पट्टा थांबला.
पाय अजून थांबायचेत.
फरशीच मागं सरकते आहे.

बाहेर कुंदा, मांडीवर माझा कोट.
"काय म्हणाले?"
"पत्र येईल."

बसस्टॉपपर्यंत उभा चढ.
ती काही बोलत नाही.
दोनदा मात्र वाटेत थांबते,
वाकून बुटाची नाडी बांधते,
न सुटलेली.