निरंक

हलमध्ये, हंबरच्या काठी, तिसऱ्या मजल्यावर
मी माणसं खणते.
कुदळ नाही, घमेलं नाही;
दोन लाख बारा हजार ओळी, एकशे चाळीस रकाने
आणि गार होत चाललेली कॉफी.

नावं पुसूनच येतात माझ्याकडे.
उरतं ते असं :
वय एकसष्ट. रक्तदाबाची गोळी मार्चपासून उचललेली नाही.
वय चौतीस. सहा महिन्यांत अकरा फोन, सगळे रात्री दोननंतर.
वय एकोणऐंशी. घरात ओल. बसस्टॉप लांब.
मॉडेल हे सगळं चघळतं
आणि प्रत्येकापुढे एक दशांश थुंकतं :
येत्या वर्षात हा माणूस कितपत ढासळेल.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना,
मी तर अख्खं पातेलं मोजलंय,
शीत न् शीत.
चाखलं एकही नाही.

ब्रॉनवेन, माझी बॉस, खूश आहे.
शंभरातले शहाऐंशी बरोबर, म्हणाली,
आणि केकचा तुकडा कीबोर्डपाशी ठेवून गेली.

मंगळवार, कचऱ्याच्या डब्यांचा दिवस.
समोरचे मिस्टर स्टॅनिफर्थ,
एके काळी आइसलंडच्या पाण्यात कॉड धरणारे,
दारापासून रस्त्यापर्यंत डबा ढकलतात. बावीस पावलं.
पूर्वी एका दमात.
नाताळनंतर मध्ये एकदा थांबून.
आज तीनदा.
तिसऱ्यांदा झाकणावर दोन्ही हात टेकून
आभाळाकडे बघत राहिले,
जणू वाऱ्याचा अंदाज घेताहेत.
मी खिडकीतून हात केला.
त्यांनीही केला. उशिरा.

ऑफिसात जाऊन मी करू नये ते केलं.
वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एकटे, जुना धंदा मासेमारी :
आमच्या गल्लीत असा माणूस एकच.
सापडली ओळ.
शून्य पूर्णांक शून्य चार. हिरवीगार.

डॉक्टरकडे भेटी : निरंक.
तपासण्या : निरंक.
औषधं : निरंक.
तक्रार : निरंक.
मॉडेलला वाटलं, हा माणूस ठणठणीत.
मॉडेलला कसलं वाटतंय,
मलाच वाटलं होतं, गेल्या जूनमध्ये,
जेवायला जायच्या घाईत लिहिलेल्या एका ओळीत :
जिथे काही नाही तिथे शून्य धर.
ज्याने दार वाजवलं नाही
त्याला दुखत नाही असं धर.

मिरजेला आमचे अण्णा कंपाउंडर होते.
दवाखाना भरलेला असला की निवांत असायचे.
आलाय ना, म्हणायचे, म्हणजे निम्मा बरा झाला.
पण दर सोमवारी इंजेक्शनला येणारी कासारीण
एखाद्या सोमवारी दिसली नाही
की पुड्या बांधता बांधता घड्याळाकडे बघायचे
आणि दुपारी, उन्हातच, सायकल काढायचे.
त्यांच्या वहीत न आलेल्यांचं पान वेगळं होतं.
मला ते हिशेबाचं वाटायचं, उधारीचं.

संध्याकाळी मी ती ओळ खोडली.
नऊ हजार तीनशे माणसं हिरव्यातून बाहेर पडली.
लाल झाली नाहीत,
कुठल्याच रंगाची राहिली नाहीत.
शहाऐंशीचे एक्याऐंशी झाले.
सकाळी ब्रॉनवेन विचारेल.
विचारू दे.

घरी आले तर सगळ्यांचे डबे आत गेलेले,
मिस्टर स्टॅनिफर्थ यांचा एकटा रस्त्यावर,
झाकण उघडं, आत पावसाचं पाणी.

रकान्यात वाचलेलं सांगता येत नाही, सही केलीय तशी.
खिडकीतून दिसलेल्यावर कुणी सही घेतलेली नाही.

डबा ओढत त्यांच्या दारापर्यंत आणलाय.
बेल वाजवलीय.
काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.
आत सपाता घासल्याचा आवाज.
चार पावलं.
थांबला.

मी मोजतेय.